आंकड्याचें घर आणि आंकड्याचें आयुष्य
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



मी सांगवीस राहतों. मुळा नदीच्या उत्तर तीरावर आमचें गांव आहे. पलीकडच्या तीरावर औंध, औंधाच्या पुढें गणेशखिंड आणि टेकडी ओलांडली कीं पाषाण. पवना नदी आमच्या जवळच मुळेला येऊन मिळते. वरच्या धरणांतून पाणी सोडल्याची बातमी आली म्हणजे आमच्या सखल वस्तींतील माणसें धान्याचे डबे माळ्यावर चढवितात, आणि त्या रात्रीं सर्वांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : उद्यां पाऊस किती? या प्रश्नाचें उत्तर शोधणारीं गणकयंत्रें पाषाणास, म्हणजे आमच्या घरापासून अवघ्या कांहीं मैलांवर आहेत. त्यांच्या वेगाचीं वर्णनें वर्तमानपत्रांतून पुष्कळ येतात. मला आज वेगाविषयीं बोलावयाचें नाहीं. लांबलचक गणित करतांना मधल्या आंकड्यांचें काय करावयाचें, कोणता आंकडा कोणास दिसावा, कोणता पुसावा आणि कोणता जपून ठेवावा, हा जो जुना आणि कांहींसा घरगुती प्रश्न आहे, त्याचा इतिहास मला सांगावयाचा आहे. गणिताची चूक बहुधा बेरजेंत होत नाहीं. ती या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यानें होते, आणि ती झाली आहे हें पुष्कळदां कळतहि नाहीं.

हा प्रश्न यंत्राबरोबर जन्मास आला असें कोणी समजूं नये. आपल्याकडे गणिताला पाटीगणित म्हणत, आणि प्रत्यक्ष आंकडेमोडीस धूलिकर्म असेंहि नांव होतें. फळ्यावर धूळ पसरावी, काडीनें किंवा बोटानें आंकडे लिहावे, आणि काम होतांच तळहातानें पुसून तीच जागा पुन्हां वापरावी, अशी ती रीति. पाटी लहान आणि गणित मोठें. तेव्हां कोणता आंकडा पुसावयाचा हें ठरविल्यावांचून एक पाऊलहि पुढें टाकतां येत नसे. एखाद्या जुन्या जोतिषाचें गणित पाहिलें तर त्यांत दोन शब्द पदोपदीं येतात : 'लब्धि' आणि 'शेष'. प्रत्येक भागाकाराला आपला शेष असतो. पांचव्या पायरीवर ग्रंथकार 'शेषास साठानें गुणावें' असें सांगतो तेव्हां तिसऱ्या पायरीवरचा शेष कोणीहि घेत नाहीं. तो त्या पायरीपुरता होता, त्या पायरीबरोबर तो गेला. याच्या उलट 'अहर्गण' हा शब्द. दिवसांची ती संख्या एकदां काढली कीं सूर्य, चंद्र, मंगळ सर्वांसाठीं तीच. तिला साऱ्या प्रकरणांत मोकळीक. म्हणजे एक नांव एका पायरीचें रहिवासी, तर दुसरें साऱ्या गांवाचें. आजच्या गणकयंत्राच्या शास्त्रांत याला नांवाची व्याप्ति म्हणतात. जुन्या गणकांस ती कोणी वेगळी शिकविली नाहीं. गुरूच्या पाटीकडे पाहतां पाहतां ती अंगीं मुरे.

आणि जपून ठेवण्याचा प्रश्न? त्याचें जें उत्तर आपल्या कोंकणांत निघालें, त्याच्याजवळ थोडें थांबलें पाहिजे.

मुरुडजवळ नांदगांव म्हणून समुद्रकांठीं गांव आहे. तेथील गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०, हें आरंभवर्ष धरून 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला. पुढें कित्येक पिढ्या महाराष्ट्रांतील पंचांगें या ग्रंथावरून होत असत. ज्या आणि कोटिज्या यांच्यावांचून त्यांनीं सारें गणित बसविलें, याची प्रशंसा सर्वत्र होते, आणि ती योग्यच आहे. परंतु मला त्यांतील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. सिद्धांतग्रंथांच्या रीतीनें ग्रह काढावयाचा म्हणजे युगाच्या आरंभापासून आजपर्यंतचे दिवस मोजावे लागतात. कलियुगाच्या आरंभापासूनचा हा अहर्गण आज अठरा लाखांच्या वर जातो. अठरा लाखांचा गुणाकार धुळीच्या पाटीवर! गणेश दैवज्ञांनीं काळाचे अकरा अकरा वर्षांचे तुकडे पाडले. एका तुकड्यास 'चक्र' म्हटलें आणि त्याचे दिवस ४०१६ धरले. ग्रंथारंभीं प्रत्येक ग्रह कोठें होता तो आंकडा 'क्षेपक' म्हणून लिहून ठेवला, आणि एका चक्रांत त्याच्या स्थानांत किती अंतर पडतें तो आंकडा 'ध्रुवक' म्हणून लिहिला. मग गणकानें चालू शकांतून १४४२ वजा करावे व बाकीस अकरानें भागावें; लब्धि तीं चक्रें आणि शेष तीं वर्षें. चक्रांनीं ध्रुवकास गुणून गुणाकार क्षेपकांतून वजा केला कीं चालू चक्राच्या आरंभींचें स्थान हातीं येतें. त्यापुढचें गणित चार हजार दिवसांच्या घरांतलें. मागच्या साऱ्या काळाचा भार त्यांनीं दोन आंकड्यांत आणि एका चक्रसंख्येंत सांठवून ठेवला.

आतां सांठविलेला आंकडा किती बारीक ठेवावा याचा विचार करूं. सूर्याचाच दाखला घ्या. ४०१६ दिवस हे अकरा सौर वर्षांस सुमारें १ दिवस २० तास कमी पडतात. म्हणून चक्र पुरें होतें तेव्हां सूर्य १ अंश ४९ कला ११ विकला मागें राहतो. हाच त्याचा ध्रुवक. समजा, एखाद्या घाईच्या नक्कलकारानें शेवटच्या ११ विकला क्षुल्लक म्हणून गाळल्या असत्या. पहिल्या चक्रांत कोणाच्याहि लक्षांत आलें नसतें, दुसऱ्यांतहि नाहीं. परंतु ४६ चक्रांनंतर ती चूक ५०६ विकला, म्हणजे ८ कला २६ विकला, एवढी होते; आणि सूर्य दिवसास सुमारें ५९ कला चालतो या हिशेबानें संक्रांतीची वेळ ३ तास २५ मिनिटांनीं चुकते. विकला ठेविल्यामुळें मात्र, शेवटच्या स्थानीं अर्ध्या विकलेचा फरक धरला तरी, तेवढ्याच काळांत चूक २३ विकलांच्या पलीकडे जात नाहीं. मूळ वर्षमानांतच दोष असेल तर त्याला हा उपाय नाहीं, हें खरें. पण सांठवणींत दोष राहूं द्यावयाचा नाहीं, एवढी खबरदारी ग्रंथकारानें घेतली होती.

माणूस गणित करतो तोंपर्यंत शेष कोणत्या पायरीचा हें त्यास सांगावें लागत नाहीं. यंत्राला समजूत नसते, तेथें तें सांगावें लागतें; आणि सांगण्याची भाषा घडविण्यांत गेल्या शतकाचीं बरींच वर्षें गेलीं. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 'टिफ्रॅक' हें आपल्या देशांत रचलेलें गणकयंत्र १९६० सालीं कामास लागलें. त्याच्या स्मृतींत २,०४८ खण होते. अशा यंत्राशीं त्याच्याच सांकेतिक भाषेंत बोलावयाचें म्हणजे आंकड्यास नांव असें नसेच. असे तो खणाचा क्रमांक. सारी आज्ञावली एका मोठ्या दिवाणखान्यांत नांदत असल्यासारखी. कोणीहि उठावें आणि कोणत्याहि खणांत हात घालावा. लहान कुटुंबांत हें चालून जातें.

अमेरिकेंत जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५७ सालीं 'फोर्ट्रान' ही भाषा आणली आणि आंकड्यांस नांवें मिळालीं, तीं सहा अक्षरांपेक्षां मोठीं नव्हेत. पुढच्याच वर्षीं, १९५८ मध्यें, फोर्ट्रानच्या दुसऱ्या आवृत्तींत 'सबरूटीन' आली. सबरूटीन म्हणजे मोठ्या आज्ञावलींतील एक स्वतंत्र खोली. तिच्यांतील नांवें तिच्यापुरतीं. एका खोलींतील 'क्ष' निराळा, दुसरींतील 'क्ष' निराळा, दोघांचें एकमेकांशीं कांहीं नातें नाहीं. घराला भिंती आल्या. परंतु कांहीं आंकडे सर्वांस लागतात, त्यांच्यासाठीं 'कॉमन' नांवाचें सामाईक फडताळ ठेवण्यांत आलें. या फडताळाची एक खोड अशी कीं, त्यांतील डबे नांवानें ओळखले जात नसत, रांगेंतील जागेनें ओळखले जात. एका खोलींतील माणूस म्हणे, पहिला डबा साखर, दुसरा मीठ. दुसऱ्या खोलींतला लिही, पहिला मीठ, दुसरा साखर. यंत्र कांहींच हरकत घेत नसे. चहांत मीठ पडलें तर निदान तोंड वांकडें होतें. दाबाच्या जागीं उष्णतामान पडलें तर आंकडे निमूटपणें छापून बाहेर येत. मुंबईच्या त्याच संस्थेंत १९६४ सालीं आलेल्या सीडीसी ३६०० या यंत्रावर देशांतील निरनिराळ्या संस्थांचे संशोधक फोर्ट्रानमध्यें आज्ञावल्या लिहून नेऊं लागले, आणि फडताळाची सोय व खोड दोन्ही आपल्याकडे आल्या.

युरोपांत १९६० सालीं 'अल्गोल' या भाषेची जी मांडणी झाली तींत एक सूक्ष्म भेद केलेला आढळतो. आंकडा कोणास दिसतो हा एक प्रश्न, आणि तो किती काळ जगतो हा दुसरा; एकाच्या उत्तरांत दुसऱ्याचें उत्तर येत नाहीं. एखादा आंकडा खोलीबाहेर कोणासहि दिसूं नये, पण खोलीला कुलूप लावून पुन्हां उघडलें तर तो होता तसा मिळावा, अशीहि गरज असते. अल्गोलनें अशा आंकड्यांसाठीं 'ओन', म्हणजे 'स्वतःचा', अशी खूण ठेवली. फोर्ट्रानवाल्यांनीं हा भेद बराच काळ मनावर घेतला नाहीं. याचें कारण त्यांच्या बहुतेक यंत्रांत प्रत्येक सबरूटीनच्या आंकड्यांस कायमची जागा असे, आणि आंकडा कोणी न सांगतांच टिकून राही. फुकट मिळणारी सोय ही सोय आहे हेंच मुळीं माणूस विसरतो.

यांतून काय होतें याचा एक अनुभव माझ्याच उमेदवारीच्या काळांतला आहे. या औद्योगिक पट्ट्यांतील एका कारखान्यांत, त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, ओतीव लोखंडाचे भाग किती वेळांत निवतात हें काढणारी एक जुनी आज्ञावली होती. तिच्यांतील एक सबरूटीन मागच्या क्षणाचें उष्णतामान आपल्याजवळ ठेवीत असे आणि पुढच्या वेळीं तें वापरीत असे. तें ठेवावयाचें आहे असें कोठेंहि लिहिलेलें नव्हतें. नवें यंत्र आलें. त्याची पद्धति अशी कीं, सबरूटीनला कामापुरती जागा द्यावयाची आणि काम होतांच काढून घ्यावयाची. पाटी पुसली जाई. मागच्या उष्णतामानाच्या जागीं दुसऱ्याच कोणाचा उरलेला आंकडा सांपडे. उत्तर हास्यास्पद आलें असतें तर बरें झालें असतें. तें थोडेंसेंच चुकलें. त्यावर विसंबून साचा लवकर उघडण्यांत आला आणि दोन मोठे भाग तडकले. आम्ही लोखंडाचा कस तपासला, वाळू तपासली, भट्टीवाल्या वृद्ध मिस्त्रींना नको ते प्रश्न विचारले, मिस्त्री शेवटीं एवढेंच म्हणाले, "साहेब, हातानें करीत होतों तेव्हां मागचा आंकडा मी खडूनें भिंतीवर लिहीत असें. तुमच्या यंत्राला भिंत कोणती?" त्या दिवशीं मीं ती सबरूटीन प्रथमच ओळीओळीनें वाचली. औषध एका शब्दाचें होतें. फोर्ट्रान ७७ म्हणून ओळखलें जाणारें मानक १९७८ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत 'सेव्ह' हा शब्द मुद्दाम घातलेला आहे : अमुक आंकडा या खोलीचाच, परंतु तो पुसूं नका. मिस्त्रींची क्षमा मागावयास मात्र मला एका शब्दाहून अधिक लागले.

याच सुमारास नदीपलीकडे एक निराळाच प्रयोग सुरू झाला. महासंगणक परदेशांतून मिळविण्यांत अडचणी येत होत्या. तेव्हां १९८८ सालीं प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे 'सी-डॅक', स्थापन होऊन पुणें विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आवारांत विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तें काम चाललें, आणि १९९१ सालीं 'परम ८०००' हें यंत्र सिद्ध झालें. त्यांत एकच मोठा मेंदू नव्हता; 'ट्रान्सप्युटर' नांवाचे ब्रिटिश बनावटीचे पुष्कळ लहान गणक जोडून तें उभें केलें होतें. प्रत्येकाला स्वतःची स्मृति आणि शेजाऱ्यांशीं बोलावयास चार दुवे.

परमनें व्याप्तीच्या प्रश्नाला जें वळण दिलें तें मला फार मनोरंजक वाटतें. तोंपर्यंत भिंती भाषेंतल्या होत्या. पाहिजे तर त्या ओलांडतां येत. येथें त्या खऱ्या झाल्या. एका गणकाच्या स्मृतींतील आंकडा दुसऱ्यास दिसत नाहीं म्हणजे मनाई आहे म्हणून नव्हे, तर तो तेथें नाहींच म्हणून. जुन्या आज्ञावलींतलें 'कॉमन' फडताळ या यंत्रावर नेलें तर प्रत्येक गणकाकडे त्याच नांवाचें पण निराळें फडताळ तयार होई. एकांत साखर भरली म्हणून दुसऱ्यांत येत नसे. सारे आंकडे मुद्दाम निरोप पाठवून कळवावे लागत. पावसाचें गणित अशा यंत्रावर करावयाचें तर नकाशाचे चौकोन पाडून एकेक चौकोन एकेका गणकास वांटून देतात. समजा, सांगवी एकाकडे आणि औंध दुसऱ्याकडे गेलें. सांगवीच्या गणकास मुळेच्या पात्रापर्यंतचें सर्व ठाऊक; पण पलीकडची हवा इकडे वाहते, तेव्हां औंधाची पहिली ओळ त्यास पाहिजेच. म्हणून प्रत्येक गणक आपल्या कडेला शेजाऱ्याच्या ओळीची एक नक्कल बाळगतो, आणि प्रत्येक पावलानंतर ती नवी करून घेतो. तलाठ्यानें शेजारच्या गांवचा बांधालगतचा सातबारा उतरून ठेवावा, तसेंच हें. नक्कल शिळी राहिली तर नदीच्या मध्यावर हवेचा एक खोटा बांध उभा राहतो, आणि पाऊस त्यावर अडतो, कागदावर, अर्थात्.

राहिला सांठवणीचा प्रश्न. मोठें गणित दिवसेंदिवस चालतें, आणि मध्यें वीज जाणें ही आमच्याकडे कांहीं अपूर्व घटना नव्हे. म्हणून ठराविक अंतरानें सारी स्थिति बाहेर लिहून ठेवावयाची. आमच्या धंद्यांत तिला 'चेकपॉइंट' म्हणतात. तेथून गणित पुन्हां सुरू केलें तर तें न थांबतां जसें गेलें असतें तसेंच गेलें पाहिजे. वाटतें तितकें हें सोपें नाहीं, हें एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञास १९६१ सालीं कळून आलें. त्याच्या लहानशा यंत्रावर हवेचें एक बारा समीकरणांचें गणित चालत असे. एक वळण पुन्हां पाहावें म्हणून त्यानें छापलेल्या कागदावरून मधले आंकडे यंत्रास दिले आणि तो कॉफी घेण्यास गेला. परत येऊन पाहतो तों नवी हवा कांहीं काळ जुनीच्या पावलावर पाऊल टाकून चालली, आणि मग दोघींची फारकत झाली. यंत्राच्या पोटांत ०.५०६१२७ होतें, कागदावर जागा वांचविण्यासाठीं ०.५०६ छापलें होतें. अकरा विकला गाळणाऱ्या आपल्या कल्पित नक्कलकाराची येथें आठवण होते. पण दोहोंत मोठा फरक आहे. सूर्याच्या गणितांत चूक बेरजेनें वाढते, म्हणून ती शतकांनीं दिसते. हवेच्या गणितांत ती दुपटीनें वाढते, म्हणून ती आठवड्यांत दिसते. लॉरेन्झनें यावरून १९६३ सालीं जें लिहिलें त्यामुळें दूरच्या भाकिताची मर्यादाच ठरून गेली.

म्हणून सांठवण यंत्राच्या पोटांत जशी आहे तशीच, एकहि अंक न छाटतां, करतात. तीहि पुरी असावी लागते. कित्येक हवामान-गणितांत उद्यांचा आंकडा काढावयास आजचा आणि कालचा असे दोन्ही लागतात. केवळ आजचाच जपला तर गणित पुन्हां सुरू होतें खरें, पण पहिल्याच पावलास अडखळतें. आणखी एक जुनी शिस्त नव्या लोकांनीं अवश्य पाळावी : नवी सांठवण पुरी होऊन वाचून पाहिल्यावांचून जुनी पुसूं नये. लिहितां लिहितां वीज गेली तर दोन्ही हातचीं जातात. पाडव्यास नवें पंचांग घरीं आल्यावरच जुनें खुंटीवरून काढीत, तें उगीच नव्हे.

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत २०१८ सालीं 'प्रत्यूष' आणि २०२४ सालीं 'अर्क' हीं यंत्रें आलीं. 'अर्क' सेकंदास अकरा हजार सातशें लक्ष कोटींहून अधिक आंकडेमोडी करूं शकतें. अर्क म्हणजे सूर्य, हें श्रोत्यांस सांगावयास नकोच. मुळेला पाणी चढूं लागलेल्या रात्रीं त्या यंत्राचें भाकीत आम्ही ऐकतों तेव्हां त्यामागें हजारों गणकांनीं एकमेकांच्या कडेच्या ओळी वेळेवर पोंचविलेल्या असतात, आणि कोठेंतरी एका तबकडीवर कालची व आजची हवा शेवटच्या अंकापर्यंत लिहून ठेवलेली असते.

परवां सहज कुतूहल म्हणून मीं पाटी घेतली, आणि 'ग्रहलाघवा'च्या रीतीनें शके १९४८, म्हणजे इ. स. २०२६ च्या पाडव्यास सुरू होणारा शक, त्यांतून १४४२ वजा केले. ५०६ उरले. अकरानें भाग दिला : लब्धि ४६ चक्रें, म्हणजे १,८४,७३६ दिवस, शेष शून्य. पाटीवरील ५०६ पुसले, ४६ तेवढे ठेविले, आणि सूर्याचा ध्रुवक मांडावयास घेतला.